मशीनसाठी कौल

१४ जानेवारी २००३, मंगळवार

नाही लिहिणार माफीपत्र! कॉलेजचं तिसरं पत्र आलं आज. 'सदर विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील सोळा संगणकांवर विनापरवानगी...' हो, केलं! सोळाच्या सोळा मशीनवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सगळ्यांत नवी आवृत्ती चढवली. अकरा चालली. पाच बसली, बंदच पडली. त्या अकरांबद्दल पत्रात एक अक्षर नाही!

आईनं पत्र देवापुढे ठेवलं. हळदकुंकू वाहायचंच बाकी राहिलं. बाबा जेवताना आमटीच्या वाटीला म्हणाले, "दीड वर्षच उरलं होतं." वाटी गप्प.

संक्रांत म्हणून समीक्षानं मी काम करतो त्या छापखान्यात तिळगूळ वाटला. मालक रघुनाथबाबना एक, बाइंडर बाबलीला एक, मला दोन. म्हणाली, "तुला गोड बोलायची जास्त गरज आहे." मी त्यावरून तिच्याशी लगेच भांडलो.

१६ जानेवारी, गुरुवार

समीक्षा आमच्या छापखान्यात टायपिंग आणि प्रुफं बघते. पण जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःचं टाइप करते — तिच्या आईची, शेवंतीमावशीची, धालोची गाणी. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगा करून गातात, ती. मावशीला लिहितावाचता येत नाही. चौसष्ट गाणी पाठ! समीक्षानं दोन वर्षं बसून वहीत उतरवून घेतली. त्यांची भाषा कोणती यावर आमचं रोज वाजतं. मी म्हणतो मराठी, ती म्हणते कोंकणी. "रोजनिशी लिहितोस मराठीत, भांडतोस कोंकणीत. तू मला सांगू नकोस!"

परवा तिनं ती गाणी ईमेलनं पुण्याला एका बाईंना पाठवली. लोकगीतांवर काम करतात त्या. आज उत्तर आलं — काहीच वाचता येत नाही, नुसते चौकोन आणि वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं. समीक्षानं डबासुद्धा उघडला नाही. मग म्हणाली, "आईला काय सांगू? तुझी गाणी पुण्याला जाऊन मुकी झाली?"

कारण मला ठाऊक आहे. आमच्या मशीनवर आहे ती लिनक्सची 'स्टेबल' आवृत्ती. तपासून तपासून शिळी झालेली. तिला देवनागरी कळतच नाही. आम्ही एका नकली फॉन्टवर काम भागवतो — कागदावर मराठी उमटते, मशीनच्या पोटात मात्र इंग्रजी कचरा. जी आवृत्ती अजून घडते आहे, तिचं नाव 'अनस्टेबल', तिला आपली अक्षरं खरोखरची कळतात. कचऱ्यातून खरी अक्षरं काढायचा छोटा प्रोग्राम तर मी कधीचा लिहून ठेवलाय! एका फाइलीत एकच शब्द बदलायचा. 'स्टेबल' खोडून 'अनस्टेबल'. बाकीचं मशीन आपणच टेलिफोनवरून उतरवून घेतं.

"मी करतो," म्हटलं. तिनं बघितलं माझ्याकडे.

तेवढ्यासाठी मी सोळाशे मशीन बसवीन!

१७ जानेवारी, शुक्रवार

बाबली डिंक लावता लावता म्हणाला, "समीक्षाक पळोवपाक येतात मरे. नऊ फेब्रुवारी, आयतार." तिला बघायला येणारा मुलगा डिचोलीचा. खाणीवर सुपरवायझर. स्लॅबचं घर, कायम नोकरी. कायम! ज्याला बघावं त्याला कायम हवं.

समीक्षा प्रूफ तपासत होती. लाल पेन इतकं जोरात ओढलं की कागद फाटला. हे सुपरवायझरसाठी की माझ्यासाठी? कळायला मार्ग नाही. विचारावं तर — काय विचारू?

१८ जानेवारी, शनिवार

रघुनाथबाबशी तासभर झगडा. छापखान्याचं सगळं त्या एका मशीनवर. बारा फेब्रुवारीला ग्रामदेवी सातेरीची जत्रा, तिची हँडबिलं आम्हीच छापतो, पंचवीस वर्षं. त्यांचं म्हणणं, "चलता तें चलूंदी."

"पण हे चालत नाही, बाब! नुसतं चालल्यासारखं दिसतं."

"आनी त्या नव्याचें नांव किदें?"

"अनस्टेबल."

चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "नांवांतच सांगलां मरे! घरावर 'कोसळणार' म्हणून पाटी लावली तर तू आत शिरशील?"

मी म्हटलं, आत शिरून खांब लावीन. बाबली हसला. रघुनाथबाब नाही हसले. शेवटी म्हणाले, "सातेरीक कौल लाव. उजवो दिलो जाल्यार कर तुजें किदें तें. दावो दिलो जाल्यार मशीनाक हात लावचो न्हय."

मशीनसाठी कौल! विहीर खणायला लावतात, लग्नाला लावतात, बैल घ्यायला लावतात. मी विचारलं, देवीला ऑपरेटिंग सिस्टिम कळते? म्हणाले, "तुका कळटा न्हय? म्हणून कॉलेजींतल्यान भायर काडलो?"

मला कोणी काढलं नाही. मी सोडलं!

२० जानेवारी, सोमवार

गेलो. नारळ, केळी घेऊन, मान खाली घालून. लाज वाटली स्वतःची.

पांडुरंगभटांना सांगितलं, कामाचं विचारायचंय. त्यांनी खोदून विचारलं नाही. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "मनात धर. एकच गोष्ट धर. तिच्या उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नाही."

मी डोळे मिटले. मशीन मनात धरायला गेलो. काळी स्क्रीन दिसली, स्क्रीनपुढे समीक्षा दिसली, तिची फाटलेल्या कागदावर टेकलेली लाल शाईची बोटं दिसली — आणि मशीन गेलं! परत आणायचा प्रयत्न केला. नाही आलं. मनात नुसतं एकच: ही माझी होईल का?

टप्.

डावी.

पांडुरंगभट म्हणाले, "नाही म्हणते." मी नमस्कारही न करता बाहेर आलो. पायऱ्यांवर उन्हात उभा राहिलो. कसलं नाही म्हणते? कौल लावला मशीनचा, मनात होती समीक्षा. देवीनं कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं?

मी कौलबिल मानत नाही. अजिबात नाही.

तरी चप्पल घालताना आधी उजवीच घातली.

२१ जानेवारी, मंगळवार

रघुनाथबाबनी विचारलं. "उजवा," म्हटलं. सरळ डोळ्यांत बघून. त्यांनी तिथूनच देवळाच्या दिशेनं हात जोडले. त्यांचे जोडलेले हात बघून मी मान फिरवली. पण एकदा बोललो ते बोललो!

साडेदहाला फाइल उघडली. एक शब्द बदलला. समीक्षा मागं उभी होती. "एवढंच?"

"एवढंच. तीनशे दहा एमबी उतरायचंय. तीन दिवस लागतील."

"आणि तीन दिवस फोन?"

"बंद."

ती हसली. "माझ्या घरून फोन आला तर लागणार नाही म्हणजे. बरं आहे!"

हे 'बरं आहे' मी दिवसभर उलटंपालटं करून बघितलं.

२३ जानेवारी, गुरुवार

फोन एंगेज म्हणून तिघं गिऱ्हाइकं चालत येऊन भांडून गेली. एक तर तेरेखोलहून आला, फेरीबोटीनं नदी पार करून! लग्नपत्रिकेत नवरीचं नाव बदलायचं म्हणून. मोडेम आपला कुरकुरतोय. दोनशे चाळीस झाले.

२५ जानेवारी, शनिवार

बसलं!

सगळं उतरलं, सगळं चढलं, मशीन बंद करून चालू केलं — स्क्रीन काळी. माऊस मेला. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते, बास. रघुनाथबाब कपाळाला हात लावून स्टुलावर बसले. समीक्षाचा चेहरा पडला. बाबली म्हणाला, "कोसळलें."

आणि मला — कुणाला सांगणार, कागदा, तुलाच सांगतो — आनंद झाला! एवढा की तोंड फिरवून जनेलातून बाहेर बघत राहिलो. कारण देवीचं 'नाही' मशीनला होतं! मशीनला! मग समीक्षाबद्दल तिनं काहीच म्हटलेलं नाही. रस्ता मोकळा!

घरी येताना पाववाल्या पोदेराकडून चार उंडे घेतले आणि चालता चालता चारही खाल्ले.

मानत नाही म्हणतो आणि बघ माझं!

२७ जानेवारी, सोमवार

रघुनाथबाब म्हणाले, "जुनें परत घाल." जुन्याच्या सीडी कपाटात आहेत, दोन तासांचं काम. मी म्हटलं, मागं जाणार नाही. बिघाड कुठला ते शोधीन.

"पण उजवो कौल मेळून अशें जालेंच कशें?" त्यांना झोप नाही त्या प्रश्नानं. सरळ माणूस. छत्री घेतली आणि देवळात गेले विचारायला. मी थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं.

तासाभरानं परत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "देवीच्या नावान फट मारलीस रे, गौरेश? इतकें खोटें?"

हँडबिलांचा मजकूर पिशवीत घातला आणि म्हापशाच्या छापखान्यात देऊन आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! मला म्हणाले, येत्या रविवारी देवळात येऊन मोठ्यानं चूक बोल. आणि आठ तारखेपर्यंत मशीन चालू झालं नाही तर तू तुझ्या घरी.

कॉलेजला माफी लिहिली नाही. देवीला बोलेन? अजून ठरवलेलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

ठरवलं. जाणार. कॉलेजशी खोटं बोललो नव्हतो. रघुनाथबाबशी बोललो.

पण जे खरं ते सगळं बोलणार. अर्धं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहितो. कान अजून गरम आहेत.

जत्रेची बैठक होती म्हणून देऊळ भरलेलं. वीसेक बाप्ये. त्यात समीक्षाचे बाबा, सगुणबाब, पुढच्या रांगेत, कमिटीवर आहेत ना ते! खांबाशी बायका. समीक्षा आईबरोबर. मला वाटलं होतं पांडुरंगभट, रघुनाथबाब आणि मी, तिघांत उरकेल.

पांडुरंगभटांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी सातेरी, ह्या लेकरान तुज्या नावान खोटें सांगलें —"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. गाऱ्हाण्याला म्हणतात तसं, सवयीनं.

"तुजो कौल दावो, हाणें उजवो म्हणून सांगलो —"

"व्हय म्हाराजा!"

"ताची चूक पदरांत घे, तो आपल्या तोंडान सांगता तें आयक —"

"व्हय म्हाराजा!"

आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बोल म्हणून.

मी म्हटलं, "देवी, मी खोटं बोललो हे खरं. पण मी मशीनचं विचारलंच नव्हतं. मनात दुसरं होतं. सगुणबाबांची समीक्षा माझी बायको व्हावी, एवढंच मी मागितलं!"

"व्हय म्हाराजा!!"

वीस आवाज. देऊळ घुमलं. सगुणबाबांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा! मग एकेकाच्या डोक्यात शिरलं आपण कशाला व्हय म्हटलं ते. कोणी खोकला. बायकांकडून खुसखुस. सगुणबाब उठले, टॉवेल झटकला, समीक्षाचा दंड धरला आणि बाहेर. ती जाताना माझ्याकडे बघत होती. राग होता. नुसताच राग होता का? मला राग ओळखता येतो. माझ्याकडे तेवढंच तर आहे!

रघुनाथबाब घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. फाटकाशी म्हणाले, "फट बरी आसली रे ह्याच्यापरस."

३ फेब्रुवारी, सोमवार

समीक्षा आली नाही. बाजारात चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत मला बघून 'व्हय म्हाराजा'. म्हणा! लाजतो कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही आली. आई बोलत नाही. बाबा मात्र पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, वाटीशी नाही. "मोठ्यानं बोललास म्हणे." हो, म्हटलं. "निदान शेवटपर्यंत बोललास," म्हणाले आणि पेपर उघडला.

५ फेब्रुवारी, बुधवार

नाही आली. मशीनशी आठ तास. बिघाड हुडकला असं वाटतं. नव्या आवृत्तीनं स्क्रीनच्या कार्डाचं जुनं नाव टाकून दिलंय, फाइलीत अजून जुनंच नाव. मशीन नसलेल्या कार्डाला हाका मारत बसलंय.

आणि आता एक घाणेरडी गोष्ट. फाइल उघडली. नवं नाव लिहायचं बाकी. एक ओळ. बोट थांबलं. मशीन चालू झालं तर 'नाही' मशीनचं नव्हतं. मग उरतं कोण?

लिहिलं नाही. मशीन तसंच ठेवून घरी आलो. भित्रा!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती ओळ लिहिली. शेवंतीमावशीची चौसष्ट गाणी मुकी ठेवून मला बायको मिळणार असेल तर थू माझ्यावर!

स्क्रीन उजळली. माऊस हलला. प्रोग्राम चालवला, पहिलं गाणं उघडलं — अक्षर न् अक्षर! वेलांट्या जागच्या जागी, जोडाक्षरं जुळलेली. नकली नाही, खरी. पुण्याला जातील, लंडनला जातील, वाटेत कोणी त्यांचा कचरा करणार नाही. रघुनाथबाब आले, मागं उभे राहून हळूहळू एक कडवं वाचलं, आणि माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली. "बरें दिसता." एवढंच. पुण्याच्या बाईंना मी लगेच पाठवली, समीक्षाच्या नावानं.

मग मागच्या पडवीत गेलो, कागदाच्या रिमांवर बसलो. डावी पाकळी तिचीच होती तर.

ठीक आहे. देवीनं नाही म्हटलं. ऐकणार नाही! कॉलेजचं ऐकलं नाही, मालकाचं ऐकलं नाही, देवीचंही नाही ऐकणार. खाणीवरचा येऊ दे स्लॅब घेऊन!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आली!

जेवणाच्या सुट्टीत. कोणाशी न बोलता मशीनपुढे बसली. पुण्याचं उत्तर उघडं करून ठेवलं होतं मी. 'सगळी वाचली. सतरावं दोनदा. तुमच्या आईंना भेटायला यायचं आहे.' तिनं ते एकदा वाचलं. ओढणीनं स्क्रीन पुसली. स्क्रीन स्वच्छच होती.

मग खुर्ची फिरवली.

"देवीला विचारलंस माझ्याबद्दल."

"हो."

"तिनं नाही म्हटलं, तरी वीस बाप्यांना सांगितलंस. माझ्या बाबांसकट."

"हो! आणि परत सांगेन —"

"मला कधी विचारलंस?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा, तोंड उघडलं आणि काही आलं नाही! पाच महिने तिच्याशी रोज भांडतोय. भाषेवरून, फॉन्टवरून, पंख्याच्या स्पीडवरून. हे एक सोडून सगळं विचारलंय.

"समीक्षा, तू —"

"आता नको," म्हणाली. "आता गप. वीस माणसं घेऊन ये परत!" आणि प्रुफं ओढली. दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी जाताना बाबलीला 'येते' म्हणाली. मला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज विचारणारच होतो. ती आलीच नाही. उद्याची तयारी असेल. पोहे, चहा, साडी.

९ फेब्रुवारी, रविवार

मोरजीला जाऊन वाळूत बसलो. एकटा. चार वाजता आले असतील ते. साडेचारला ती ट्रे घेऊन बाहेर आली असेल. पाचला उठलो, तिच्या घराकडे निघालो. जाऊन ओरडणार होतो. मांद्र्यापर्यंत गेलो आणि थांबलो. तिथं जाऊनही मी बाकीच्यांनाच सांगितलं असतं. तिला नाही.

परत आलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

छापखाना उघडतोय तोच सगुणबाब आले. बसले नाहीत. म्हणाले, "काल पाहुण्यांसमोर समीक्षानं सांगितलं, माझं ठरलंय. म्हणाली, गौरेशला मी विचारलं आणि तो हो म्हणाला." चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणालास?"

मला कोणी काही विचारलंच नव्हतं!

"व्हय," म्हटलं.